ट्यूनेबल ट्रान्समॉन: दोन्ही जंक्शनं सारखी घेऊ की लहान-मोठी?

निपाणीचा_पोरगा
नमस्कार मंडळी. एमएस्सी फिजिक्स, दुसरं वर्ष, रोज निपाणी-बेळगाव बसनं ये-जा. प्रोजेक्टला ट्यूनेबल (फ्रिक्वेन्सी बदलता येणारा) ट्रान्समॉन क्युबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा सुपरकंडक्टिंग सर्किटवाला बिट, डिझाइन करायलोय, फक्त लॅपटॉपवर. चिप बनवायची सोय इथं कुठली? दोन सारखी जोसेफसन जंक्शनं (दोन सुपरकंडक्टरमध्ये पातळ इन्सुलेटर) जोडून स्क्विड लूप केलाय, त्यातल्या चुंबकीय फ्लक्सनं फ्रिक्वेन्सी बदलते. ईजेची (जंक्शनच्या ऊर्जेची) बेरीज 15 गिगाहर्ट्झ, ईसी (चार्जिंगची ऊर्जा) 250 मेगाहर्ट्झ. फ्रिक्वेन्सी 5.2 गिगाहर्ट्झवरनं पार खाली येते. सर म्हणतात रेंज मोठी तेवढं बरं. खरं काय? आणि फुकटातलं सॉफ्टवेअर सांगा.

खानापूरची_माहेरवाशीण
रेंज कशाला हवी ते आधी ठरव. शेजारच्या क्युबिटशी जुळवायला किंवा त्याला टाळायला एक-सव्वा गिगाहर्ट्झ पुष्कळ झालं. फ्लक्स-फ्रिक्वेन्सीच्या आलेखाला जिथं उतार खडा, तिथं फ्लक्सची बारीकशी खुडबुडही फ्रिक्वेन्सी हलवते आणि डीफेजिंग होतं, म्हणजे क्युबिटची फेज विस्कटते. उतार शून्य तो स्वीट स्पॉट. तुझ्या लूपला तो फक्त वरच्या टोकाला. अर्ध्या फ्लक्स क्वांटमला (फ्लक्सच्या मूळ एककाच्या निम्म्याला) तर ईजेच शून्य होतो, आणि 2007 साली ज्या चार्ज नॉइजपासून (आजूबाजूच्या विद्युतभाराच्या खुडबुडीपासून) सुटायला ट्रान्समॉन मांडला, तोच परत दारात!

जंक्शनं 4:1 कर, म्हणजे 12 आणि 3. वर बेरीज 15, खाली वजाबाकी 9. आठ गुणिले ईजे गुणिले ईसी, त्याचं वर्गमूळ, वजा ईसी: वर 5.23, खाली 3.99. दोन्ही टोकांना स्वीट स्पॉट. खाली ईजे-ईसी गुणोत्तर 36 पडतं, ते चार्ज नॉइज टाळायला मला जरा कमी वाटतं. मी असते तर ईसी 220 धरला असता.

एससीक्युबिट्स घे, पायथनमध्ये चालतं, साधा लॅपटॉप पुरतो. कपॅसिटर पॅड काढायला किस्किट मेटल आहे, पण ते इन्स्टॉल करताना डोकं उठतं.

टिळकवाडी_चहावाला
ताईंना अनुमोदन. आयबीएमनं तर बरीच वर्षं फिक्स्ड फ्रिक्वेन्सीवरच काढली. गूगलच्या 2019 च्या सिकॅमोरमध्ये मात्र क्युबिट आणि कपलर (दोन क्युबिट जोडणारा भाग) दोन्ही ट्यूनेबल होते.
लूप केवढा काढलास की? 10 बाय 10 मायक्रोमीटरला एक फ्लक्स क्वांटम म्हणजे साधारण 20 मायक्रोटेस्ला. आपल्या अंगणातलं पृथ्वीचं चुंबकत्व त्याच्या दुपटीच्या घरात! म्हणून क्युबिट थंड ठेवायच्या फ्रिजमध्ये चुंबकीय शील्ड लागतात.
(जंक्शनमधला थर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा, एक-दोन नॅनोमीटर. आमच्या हिंडाल्कोत तोच टनांनी निघतो. उगीच आठवलं.)

निपाणीचा_पोरगा
ताई, संकेश्वर यायच्या आत मोबाइलवर गणित करून बघितलो. ईसी 220 ला वर 4.92 येतंय, खाली गुणोत्तर 41. पण अ‍ॅनहार्मोनिसिटीही (ऊर्जापातळ्यांच्या अंतरांतला फरक) उतरली, म्हणजे पल्स जरा लांब द्यायला लागणार. चालतंय. सरांना सोमवारी दोन्ही आलेख शेजारी-शेजारी ठेवून दाखवतो.
काका, लूप 30 बाय 30 चा काढलेला. आज पुसतो.