अनुभव धागा : संस्थेची सूत्रं अंगावर आली तेव्हा...

ओसरी
दसऱ्याची साफसफाई करताना आज फडताळात किल्ल्यांचा जुडगा सापडला. १९ किल्ल्या. मामांच्या तेराव्याला पंगती उठल्यावर वसतिगृहाच्या शिपाईकाकांनी तो माझ्या ओच्यात टाकला होता. "ताई, आता तुम्हीच." मी तोवर नावाला विश्वस्त. वर्षातून एकदा मीटिंगला जायचं, सही करायची, भेळ खायची. आणि एकदम ३२ मुलींचं वसतिगृह!

पहिले सहा महिने कशालाही हात लावला की "मामासाहेब असं करत नव्हते". चुली काढून गॅस आणला तरी तेच.

एक किल्ली कशालाच लागेना. शेवटी माळ्यावरच्या ट्रंकेला लागली. आत जुनी पावतीपुस्तकं, पण पैशांची नाहीत. कुणाकडून दोन पायली ज्वारी, कुणाकडून शेरभर तूरडाळ. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडाचीच रीत, घरोघरून मूठमूठ धान्य. एका पावतीवर आमच्या भाजीवालीच्या आजीचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी कोथिंबिरीवरून घासाघीस करायला जीभच उचलेना.

तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली असेल तर लिहा.

कडीपत्ता
खुर्ची सोपी हो, सही अवघड. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष एकाच वर्षात गेले. बँकेत सह्या त्या दोघांच्याच. ग्रंथपालबाईंचा पगार चार महिने मी खिशातून दिला. ठराव नेला तर म्हणे पीटीआरवर (धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांची नोंदवही) तुमचं नाव कुठाय?

तर मंडळी, विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, दाखल करा. मंजूर होईल तेव्हा होईल. आमचा अडला, कारण एका जुन्या विश्वस्तांनी हरकत घेतली की सभेची नोटीसच मिळाली नाही. मिळाली होती. त्यांच्या सुनेने सही करून घेतली होती.

टोपणनाव
शेवटी आलं सुनेवरच 😂

चष्मेवाली
नोटीस पोस्टाने, पोचपावतीसकटच पाठवायची. आणि पोचपावत्या फाईलला लावायच्या, पर्समध्ये नाही. (अनुभवाचे बोल)

भटकभवानी
टाटांचं बघा. रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ ला गेले, ११ तारखेला नोएल टाटा ट्रस्टचे अध्यक्ष. टाटा सन्सचे ६६ टक्के शेअर ज्यांच्याकडे, तिथे खुर्ची रिकामी ठेवून चालतंय होय? आमच्या देवस्थानात साडेतीन वर्षं रिकामी होती. दोन भावक्या, एक खुर्ची. देव तेवढा निवांत.

कडीपत्ता
त्यांच्याकडे बँकेत कोण पीटीआर मागतंय!

दूरदेशी
न्यू जर्सीहून. मंडळाची कमिटी दर वर्षी नवी. कार्यभार सोपवणे म्हणजे एका गराजमधून दुसऱ्या गराजमध्ये सहा पातेली, मखर आणि एक पासवर्ड. मी अध्यक्ष झाले नि कळलं, आधीच्या दोन कमिट्यांनी फॉर्म ९९० (ना-नफा संस्थांचं इथलं वार्षिक विवरणपत्र) भरलाच नव्हता. सलग तीन वर्षं राहिला की करसवलत आपोआप रद्द, आणि तिसरं वर्ष माझं! १५ मे शेवटची तारीख. १४ ला रात्री दोनपर्यंत बटाटेवड्यांच्या पावत्या जुळवत बसले होते. पातेली अजून पाचच मिळालीत.

चष्मेवाली
सहावं कुणाच्या तरी घरी तुळशीला असणार.

माजघर
मी पलीकडच्या बाजूची, संस्थेत ३० वर्षं लिपिक. पाच अध्यक्ष पाहिले. नवे आले की आधी भिंती रंगवतात, मग लेटरहेड बदलतात. चौथे आले त्यांनी महिनाभर काहीच केलं नाही. आम्ही म्हटलं, हे काय ध्यान! रोज संध्याकाळी मुलांच्या पंगतीला बसायचे. दुसऱ्या महिन्यात आमटीत डाळ दिसायला लागली आणि किराणावाला बदलला. पुढचं लिहिता येत नाही, अजून नोकरीत आहे.

ओसरी
माजघर, तुम्हाला साष्टांग. 🙏

शेवंती
मला वाटतं पुढच्या पिढीला आधीच जबाबदारी द्यावी. हेमलकसा सुरू झालं १९७३ ला, बाबा आमटे गेले २००८ ला. मधली पस्तीस वर्षं मुलगा प्रकाशभाऊ आणि सून मंदाताई तिथेच राहून काम करत होते. आमच्याकडे वडील ९१ व्या वर्षीही चेकबुक उशाखाली ठेवून झोपतात. काही बोलायची सोय नाही. आज बीपी पुन्हा वाढलंय, नंतर येते.

ओसरी
अगं सांभाळ. बाबांना विचारलंय म्हणून सांग.

टोपणनाव
एक महत्त्वाचा प्रश्न राहिला. मीटिंगची भेळ ओली की सुकी?

ओसरी
सुकी. पूर्वी ओली असायची. १९९८ च्या एका ठरावावर चिंचेचा डाग आहे, सूचकाचं नाव वाचता येत नाही. अनुमोदक मामा आहेत.