शब्दचर्चा : आमदारकी 'भोगली', 'भूषवली' की 'केली'?

एका दिवंगत माजी आमदारांच्या स्मरणिकेचं मुद्रितशोधन माझ्याकडे आलं आहे. त्यांच्या एका वयोवृद्ध सहकाऱ्याच्या लेखात वाक्य आहे, 'अण्णांनी आमदारकी भोगली, पण घरावरचा पत्रा तोच राहिला.' संपादक मंडळाला 'भोगली' खटकतंय, त्यांनी 'भूषवली' सुचवलंय. मला मूळ शब्द काढवत नाही. काय करावं? आणि जाता जाता : सुभेदारी, जमीनदारी, फौजदारी होते, मग 'आमदारी' का होत नाही?

प्रतिसाद
ताई, आधी दुसरा प्रश्न घेतो. 'दार'नंतर बहुतेक 'ई' लागते हे खरं, पण सरदारकीही आहेच. पाटीलकी, सरपंचकी, खासदारकी आणि आमदारकी ही त्याच रांगेतली. गावकी-भावकीत हाच 'की' माणसांचा समूह दाखवतो, माणुसकी-आपुलकीत गुण दाखवतो, तर पाटीलकीत मान, अधिकार आणि काम एकत्र येतात. आमदारकीतही हे तिन्ही आहेत. म्हणून तर ती मिळते, जाते, धोक्यात येते, पणाला लागते आणि करताही येते. कायद्याच्या भाषेत यातलं काहीच नाही. तिथे फक्त 'सदस्यत्व' असतं. पक्षांतरामुळे कुणी अपात्र ठरलं की आदेशात सदस्यत्व जातं आणि मथळ्यात आमदारकी.

प्रतिसाद
'भोगली' अजिबात बदलू नका. वतन भोगणे, राज्य भोगणे हे जुन्या मराठीतले सरळ प्रयोग आहेत; त्यात चैन अभिप्रेत नाही. शिक्षाही आपण भोगतोच की! लेखकाच्या पिढीला हा शब्द पूर्ण आदराचा वाटत असणार. शिवाय वाक्यातला 'पण' त्या 'भोगली'वरच उभा आहे. 'भूषवली, पण पत्रा तोच राहिला' म्हणून बघा, सगळा जोर जातो. 'भूषवणे' संमेलनाच्या अध्यक्षपदाला ठीक आहे.

प्रतिसाद
मी सोलापूर जिल्ह्यातला. आमच्याकडे तिसरं क्रियापद चालतं, 'केली'. भाई गणपतराव देशमुखांबद्दल बोलताना 'सांगोल्याची आमदारकी केली' हेच तोंडात येतं. (हे 'भाई' शेकापचं, म्हणजे शेतकरी कामगार पक्षातलं, कॉम्रेड या अर्थाचं. बाहेरचे वाचक गोंधळतात म्हणून सांगितलं.) १९६२ साली ते पहिल्यांदा निवडून आले, २०१४ साली अकराव्यांदा. मध्ये १९७२ आणि १९९५ मध्ये पराभवही पाहिला, पण पक्ष तोच आणि मतदारसंघही तोच. मंत्रिपद दोनदाच वाट्याला आलं. बाकी सारा काळ प्रश्न विचारण्यात आणि पाण्यासाठी भांडण्यात गेला. सांगोला म्हणजे दुष्काळी पट्टा. तिथे सूतगिरणी उभी करणं, टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं नेट धरणं, एसटीने मुंबई गाठणं याला 'भूषवली' म्हणवत नाही आणि माझ्या कानाला 'भोगली'ही चालत नाही. २०२१ साली ते गेले. त्यांच्यासारख्यांमुळेच 'आमदारकी करणे' हा प्रयोग जिवंत राहिला असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद
सहमत, पण 'आमदार' म्हटलं की फक्त विधानसभाच डोळ्यांपुढे आणू नये. विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८, दोन्हीकडच्या सदस्यांना मराठीत आमदारच म्हणतात. वि. स. पागे परिषदेचे सभापती होते. त्यांच्या विचारातून रोजगार हमी योजना आली, १९७२च्या दुष्काळात तिने लाखो हातांना काम दिलं, १९७७ साली तिचा कायदा झाला. 'हमीवर जाणे' हा शब्दप्रयोग मराठीला त्या योजनेनं दिला. खडी फोडून आलेल्या बाईला पागे हे नाव ठाऊक नसेलही, 'हमी' मात्र ठाऊक होती. लोकसेवकाचं काम असं बोलीत मुरलं, याहून मोठा सन्मान मला सुचत नाही.

ताई, स्मरणिकेत अण्णा कोणत्या सभागृहाचे सदस्य होते ते एकदा स्पष्ट लिहा. 'माजी आमदार' एवढ्यानं ते कळत नाही.

मूळ प्रश्नकर्ती
विधानसभेचे. सगळ्यांचे आभार, 'भोगली' ठेवतेय. दादा, तुमचं 'केली' एका फोटोओळीत वापरते. शेवटची शंका : त्याच लेखात 'अण्णांची लक्षवेधी लागली, पण दोनदा राखून ठेवली' असं आहे. 'लागली' म्हणजे मंजूर झाली का?

प्रतिसाद
नाही. लक्षवेधी सूचना म्हणजे तातडीच्या सार्वजनिक बाबीकडे मंत्र्यांचं लक्ष वेधण्यासाठी दिलेली लेखी सूचना. अध्यक्षांनी ती स्वीकारून दिवसाच्या कामकाजात घेतली की 'लागली'. मग मंत्री निवेदन करतात, सदस्य त्यावर प्रश्न विचारतात. मंत्री हजर नसले किंवा माहिती अपुरी असली तर ती 'राखून ठेवतात', म्हणजे पुढे ढकलतात, फेटाळत नाहीत. तारांकित प्रश्नही असाच 'लागतो' आणि त्याचं उत्तर सभागृहात तोंडी मिळतं, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताचं उत्तर लेखीच येतं. दोनदा राखून ठेवलेली लक्षवेधी अण्णांनी तिसऱ्यांदा लावून घेतली असेल, तर ती कशाबद्दल होती हे लेखकाला विचारून घ्या आणि छापाच. पाणंद रस्ता, बंद पडलेली नळयोजना, जे असेल ते.