यात्रेत अनोळखी पोरांचे फोटो काढताना आधी विचारता का?

तापीकाठचा भटक्या:
धुळ्याचा आहे, कॅमेरा घेऊन दोन वर्षं झाली. दत्तजयंतीला सारंगखेड्याला गेलो, एकमुखी दत्ताचं दर्शन घेतलं आन मग दिवसभर घोडेबाजारात. तिथं पेंढीवर पाच-सहा वर्षांची पोर भाकर खात बसलेली, मागं पांढरा घोडा, तोंडावर संध्याकाळचं ऊन, मी लांबूनच झूम करून टिपलं. तेवढ्यात तिची माय आली न म्हणे, "मनी पोरना फोटो कसाले काढस रे भाऊ?" रागात नव्हती, घाबरलेली होती, तेच मला जास्त लागलं. काहीतरी बोलून सटकलो. फोटो भारी आलाय पण इन्स्टावर टाकायला हात धजत नाही. आधी विचारलं की पोरं दोन बोटं दाखवत उभी राहतात, मग तो फोटोच राहत नाही. कायदा काय म्हणतो, आन तुम्ही काय करता?

वकीलसाहेब, जळगाव:
सार्वजनिक जागी फोटो काढायला सरसकट बंदी नाही. पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुट्टस्वामी निकालात खासगीपणा मूलभूत हक्क मानलाय, तो गर्दीत गेलं म्हणून संपत नाही. आणि मूल एखाद्या केसमधलं असेल, पीडित असो की साक्षीदार, तर २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम ७४ बघ, नाव, शाळा, फोटो काहीच छापता येत नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुझी केस यातली नाही. पण माय नको म्हणत असेल तर कलम शोधत बसू नको भाऊ.

शिक्षिका, धडगाव:
दादा, ती घाबरली कारण तिला माहीत नाही फोटो कुठं जाणार. आमच्याकडं होळीला दरवर्षी हेच बघते. बुध्या झालेले, म्हणजे होळीत सोंग घेऊन नाचणारे आदिवासी लोक पालनी, म्हणजे व्रताचे नियम, पाळतात, अनवाणी राहतात, जमिनीवर झोपतात, त्यांच्यासाठी तो नवस आहे, आणि बाहेरून आलेले लोक तोंडापुढं लेन्स धरून "इकडं बघ" ओरडतात. माझ्या वर्गातल्या एका पोरीचा रील असाच फिरला, युनिफॉर्मवर शाळेचं नाव स्पष्ट, मग कोणकोण मेसेज करायला लागलं. तिच्या बापानं तिला पुढचे आठ दिवस शाळेतच धाडलं नाही. मुलांचा फोटो टाकताना गाव, शाळा, लोकेशन काही नको, एवढं तरी करा हो.

स्टुडिओवाले काका:
शहाद्याला तीस वर्षं लग्नं शूट केली. क्षण जातो म्हणतोस ना, तो परत येतो. आधी नमस्कार कर, चहा पी, घोड्याचा भाव विचार, अर्ध्या तासात पोरं तुला विसरतात न मग पाहिजे तेवढे काढ. राहून गेलं तर काढल्यावर लगेच मायले स्क्रीन दाखव. नको म्हणली तर तिच्यासमोरच डिलीट. आन हो म्हणली तर प्रिंट नेऊन दे, त्या लोकांकडं पोरांचा फोटोच नसतो रे.

तापीकाठचा भटक्या:
ताई, काका, कुठंच टाकला नाही. फोटोत मागं पालावर व्यापाऱ्याचा नंबर दिसतोय (हे पण आत्ताच लक्षात आलं), त्यांना फोन केला, अजून यात्रेतच आहेत. रविवारी जातो, मायले विचारतो. आठ बाय बाराची प्रिंट बरी ना?

स्टुडिओवाले काका:
बरी. पण लॅमिनेशन कर, पालात धूळ लई.