मागे डिस्क बसवताना मास्टर सिलिंडरमधली झडप

ड्रॅग रेससाठीच्या जुन्या गाडीत मागच्या ड्रम ब्रेकऐवजी डिस्क ब्रेक बसवले की ४०२ मीटरची (पाव मैलाची) सरळ धाव संपल्यावर गाडी हमखास लवकर थांबते, असे मत चर्चेत मांडले गेले; ते मला अर्धेच पटते. जोराने ब्रेक दाबताच भार पुढे जातो आणि मागची चाके हलकी होतात; अशा वेळी मागच्या ब्रेकची ताकद वाढवून पुढच्या-मागच्या दाबाचे प्रमाण साधले नाही, तर तीच चाके आधी जाम होऊन गाडी आडवी जाते.

चर्चेत न आलेली गोष्ट म्हणजे मास्टर सिलिंडरमधली, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देणाऱ्या भागातली, दाब धरून ठेवणारी झडप. चारही ड्रम असलेल्या जुन्या गाड्यांत ती पेडल सोडल्यावरही ब्रेकच्या तेलाच्या नळीत सुमारे १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब राखते. ड्रममध्ये शू (ड्रमला आतून घासणारे भाग) मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा असल्याने तेवढ्या दाबाने काही बिघडत नाही, पण डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या पॅडना तशी स्प्रिंग नसते आणि ते सतत घासत राहतात. वाळूजच्या एका गॅरेजमध्ये अशी बदललेली जुनी जीप पाहिली होती. जालना रस्त्यावर साध्या वेगातही तिच्या मागच्या डिस्क तापत, आणि कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) बदलूनही फरक पडला नव्हता. झडप काढल्यावर चाक हाताने मोकळे फिरू लागले.

सस्पेन्शनकडे आधी लक्ष द्यावे, या चर्चेतल्या मताशी मात्र मी पूर्ण सहमत आहे. सुटताना अ‍ॅक्सलच्या पिळाने मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) वाकतात आणि चाके उड्या मारतात, म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी ट्रॅक्शन बार (हा पीळ रोखणारे दांडे) आणि चांगले शॉकअप घ्यावेत.