'समव्हेअर इन इटली' : बातमीदाराला गावाचं नाव ठाऊक नव्हतं?

लालबागची नात
आजीची ट्रंक रिकामी करताना लुगड्याच्या घडीत इंग्रजी वर्तमानपत्राचं कात्रण सापडलं. जुलै १९४४ चं. मराठा पलटणीच्या चढाईची बातमी, आणि सुरुवातच अशी : 'समव्हेअर इन इटली'. माझे आजोबा तेव्हा त्याच पलटणीत होते. बातमीदार डोंगराचा चढ, मशीनगनचा मारा, सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतो. मग गावाचंच नाव त्याला कसं माहीत नाही? कडेला आजीने पेन्सिलीने मोडीत काही लिहिलंय, तेही मला लागत नाही.

जुना कंपोझिटर
ताई, नाव त्याला पक्कं ठाऊक असणार. पण मजकूर आधी लष्करी सेन्सॉरच्या हातातून जायचा. गाव छापलं की कोणती तुकडी कुठवर आली ते शत्रूला कळतं, म्हणून डेटलाइनमधली, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या ठिकाण-तारखेच्या ओळीतली, जागा काढून तिथे 'समव्हेअर' बसवायचं. ही रीत पहिल्या महायुद्धातली. 'समव्हेअर इन फ्रान्स' बातम्यांवर असायचं तसं शिपायांच्या पत्रांवरही असायचं. आईला लिहितानासुद्धा मुक्कामाचं नाव घालायची बंदी. एरवी 'कुठेतरी' म्हणणाऱ्याला जागा माहीत नसते. इथे त्याला ती माहीत असते, सांगायची मुभा नसते.

१९७१ च्या डिसेंबरात मी गिरगावातल्या एका छापखान्यात रात्रपाळीला होतो. ब्लॅकआउट चालू, खिडक्यांना काळे कागद, दिव्याला कागदाची टोपी. 'राजस्थानात कुठेतरी' अशी बातमी मी जुळवत आणली होती, तेवढ्यात उपसंपादक खाली आले आणि त्यांनी ते खोडून 'राजस्थान आघाडीवरून' केलं. म्हणाले, "कुठेतरी हरवलेल्या माणसाला म्हणतात. ज्यांची मुलं तिथे आहेत ती माणसं सकाळी हे वाचणार." मी खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, परत केसमध्ये, त्यांच्या खणांच्या पेटीत, टाकले आणि ओळ नव्याने जुळवली. तेव्हापासून तो शब्द मी बातमीत सहन करू शकत नाही.

आजोबांची बटालियन कोणती? तिसरी असेल तर तुमचं 'समव्हेअर' म्हणजे टायबर नदीचं वरचं खोरं. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे तिथेच १० जुलै १९४४ ला पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

माझगावकर
त्याच वर्षी मुंबईच्या वाट्याला तर 'समव्हेअर'सुद्धा आलं नाही. १४ एप्रिलला दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोट फुटली. पोटात दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या एकत्र! अर्ध्या तासात दुसरा स्फोट. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. सगळ्या शहराने आवाज ऐकला, पण बाहेर बातमी पहिल्यांदा सांगितली ती जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. इथल्या बातमीदारांना ती पाठवायची परवानगी मे उजाडल्यावर मिळाली.

लालबागची नात
काका, पेन्शनच्या कागदावर तिसरी बटालियनच आहे! आज नकाशा काढून आईला टायबरचं खोरं दाखवलं. शेजारच्या आजोबांनी मोडीही वाचून दिली. आजीने लिहिलंय : 'नागपंचमी. पत्र आले. ठिकाण नाही.'