एरिया डायरेक्टर झालोय, क्लब ऑफिसर ट्रेनिंग कुणाला झोप न आणता कसं घ्यायचं?

कोथरूडचा_बडबड्या

नमस्कार मंडळी. जुने धागे चाळताना इथे टोस्टमास्टर्सवाले (भाषण करायला शिकवणारे क्लब) बरेच आहेत असं दिसलं म्हणून विचारतोय. १ जुलैपासून एरिया डायरेक्टरचं, म्हणजे काही क्लबांवर लक्ष ठेवायचं, पद गळ्यात पडतंय ('दुसरं कोणी तयारच नाहीये रे, तू घे ना' या सुप्रसिद्ध निवडप्रक्रियेतून). पाच क्लब वाट्याला आलेत. दोन हिंजवडीतल्या कंपन्यांमधले, जेवणाच्या सुट्टीत भरणारे, दोन शनिवार-रविवारवाले कम्युनिटी क्लब आणि एक मराठी क्लब, ज्याचे मेंबर घसरत घसरत अकरावर आलेत.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी, प्रत्येक क्लबात सात ऑफिसर असतात. प्रेसिडेंट, एज्युकेशन, मेंबरशिप आणि पीआरचे तीन व्हीपी (व्हाइस प्रेसिडेंट), सेक्रेटरी, ट्रेझरर आणि सार्जंट अ‍ॅट आर्म्स (हॉलची मांडामांड आणि पाहुण्यांचं स्वागत बघणारा). सगळे नोकरी-धंदा सांभाळून फुकट राबणारे. त्यांचं ट्रेनिंग वर्षातून दोनदा होतं, जून ते ऑगस्टमध्ये एकदा आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत एकदा. दोन्ही खेपेला किमान चार जण आले तरच क्लबाला डिस्टिंग्विश्ड प्रोग्रॅमच्या (क्लबाच्या वर्षभराच्या कामगिरीचं मोजमाप) दहा गोलांपैकी तो एक मिळतो.

आता अडचण अशी की मी आजवर ज्या ज्या ट्रेनिंगला बसलोय तिथे आधी दीपप्रज्वलन, मग मान्यवरांचे सत्कार, मग प्रत्येक पदाच्या जबाबदाऱ्या स्लाइडवरून वाचून दाखवणं, मग जेवण, आणि जेवणानंतर अर्धा हॉल गायब कारण हजेरी लागलेली असते. चार डोकी भरली, क्लब खूश, वरचे पण खूश. आणि ऑक्टोबरात तोच ट्रेनिंग झालेला व्हीपी एज्युकेशन, ज्याने मीटिंगमधली कामं आधीच वाटून ठेवायची असतात, रात्री अकराला ग्रुपवर 'उद्या टायमर (भाषणांची वेळ मोजणारा) कोणी होईल का प्लीज' टाकतोय. यंदा आखणीच्या टीममध्ये मलाही घेतलंय तर काहीतरी वेगळं करून बघायचंय. ज्याने नंतर क्लबात खरंच फरक पडला असं ट्रेनिंग कुणी घेतलंय का? आणि मराठी क्लबाचं काय करू? हातातलं साहित्य सगळं इंग्रजीत, तिथले ट्रेझरर काका स्लाइड बघून नुसती मान डोलावतात.

सिंहगडरोडची_ताई

अभिनंदन आणि सहानुभूती, दोन्ही घ्या 😄

पहिली गोष्ट, स्लाइड आदल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मोकळे व्हा. ज्याला वाचायचंय तो वाचतो, ज्याला नाही तो हॉलमध्ये पण वाचत नाही. सत्कार तर सरळ उडवा, कोणी रुसलं तर माझं नाव सांगा.

आम्ही पदाप्रमाणे खोल्या वेगळ्या केल्या होत्या. व्हीपी एज्युकेशनवाल्यांच्या खोलीत भाषण शून्य, प्रत्येकाच्या हातात पुढच्या आठ मीटिंगांचा कोरा तक्ता आणि आपापल्या क्लबाची मेंबर यादी, आणि भरा म्हटलं. थोड्याच वेळात सगळ्यांच्या लक्षात येतं की आपल्या तक्त्यात तीच पाच नावं आलटून पालटून फिरतायत आणि दहा जणांना कित्येक महिन्यांत कुणी काही विचारलेलंच नाहीये. मग तिथेच बसून त्यातल्या एकाला फोन लावायचा, स्पीकरवर. "अगं, पुढच्या महिन्यात ग्रॅमेरियन होशील का?" (म्हणजे बोलणाऱ्यांच्या भाषेकडे लक्ष ठेवणारी.) पलीकडून बहुतेक वेळा "हो, चालेल की" येतं. ग्रुपवर सगळ्यांना उद्देशून टाकलेला मेसेज कुणालाच उद्देशून नसतो, हे तो फोन ऐकल्यावर कुणाला सांगावं लागत नाही.

सार्जंट आणि व्हीपी मेंबरशिप यांना एकत्र बसवा. आम्ही आमच्यातल्याच एका अनोळखी चेहऱ्याच्या मुलाला गेस्ट बनवून दारात उभं केलं, आतल्यांना काही न सांगता. तो बिचारा बॅगेचा पट्टा धरून उभा, आतले सगळे चहाचे कप घेऊन एकमेकांशी गप्पा मारतायत, एक जण तर त्याला "जरा बाजूला होता का" म्हणून प्रोजेक्टर आत घेऊन गेला 🤦‍♀️ नंतर तो गेस्ट कोण होता ते सांगितल्यावर जी शांतता पसरली! टोस्टमास्टर्सचं 'मोमेंट्स ऑफ ट्रुथ' म्हणून एक सेशन आहे, त्यात क्लब तपासायच्या सहा गोष्टी दिल्यात आणि पहिलीच 'फर्स्ट इम्प्रेशन' आहे. ते सेशन या प्रयोगानंतर घ्या, आधी नको.

अजून एक, जुना ऑफिसर सोबत आलाच पाहिजे. क्लब सेंट्रलवर (क्लबाचं ऑनलाइन कामकाज होतं ती साइट) कुठे काय भरायचं, हॉलच्या वॉचमनचा नंबर, बॅनर कुणाच्या गाडीच्या डिकीत पडलाय, हे कुठल्याच मॅन्युअलात नसतं.

ठाणे_स्लो_लोकल

ताईंचं वाचायला भारी वाटतं पण आमच्याकडे दिवसभराच्या कार्यक्रमाला चार जण आले तरी पेढे वाटावेत अशी परिस्थिती आहे. हजेरीसाठी येतात म्हणून नावं ठेवू नका हो, निदान येतात तरी. कंपनीतल्या क्लबांना रविवार अजिबात मागू नका, त्यांची वीकडेला संध्याकाळी ऑनलाइन दोन बॅच करा, दीड तासाच्या वर नाही.

आणि खरं सांगू का, ट्रेनिंगच्या दिवशी कोणी फारसं काही शिकत नाही. जे होतं ते तुम्ही क्लबाला भेट देता तेव्हा होतं. एरिया डायरेक्टरने प्रत्येक क्लबात वर्षातून किमान दोनदा जायचंच असतं, पहिल्या फेरीचा रिपोर्ट ३० नोव्हेंबरपर्यंत आणि दुसऱ्या फेरीचा ३१ मेपर्यंत. बहुतेक जण नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धावत पाचही क्लब उरकतात, पुढे बसून फोटो, दोन शब्द बोला म्हटलं की वीस मिनिटं बोलतात आणि फॉर्म भरून मोकळे. तुम्ही जुलै-ऑगस्टमध्येच जा, मागच्या रांगेत बसा, बोलायला सांगितलं तर नाही म्हणा, मीटिंग संपल्यावर टपरीवर चहा प्या त्यांच्यासोबत. प्रेसिडेंट हॉलमध्ये सांगणार नाही ते टपरीवर सांगतो, कोणाचं कोणाशी पटत नाही ते वगैरे.

तारीख ठरवताना पालखी पुण्यात कधी येतेय ते बघून घ्या. रस्ते बंद म्हणून अर्धे लोक अडकलेले ट्रेनिंग पाहिलंय.

हिशोबी_माणूस

ट्रेझररकडे कुणाचंच लक्ष नसतं म्हणून लिहितो. व्हीपी एज्युकेशन कच्चा असला तर मीटिंग फिकी होते, ट्रेझरर झोपला तर क्लबच बसतो. ड्यूज, म्हणजे मेंबरची फी, सहा महिन्याला ६० डॉलर, १ ऑक्टोबर आणि १ एप्रिलला. मेंबर रुपयात यूपीआय करणार, भरायचे डॉलरमध्ये, ते पण इंटरनॅशनल व्यवहार चालू असलेल्या कार्डावरून, मधल्या काळात रेट हलला की फरक कोणी भरायचा यावरून दोस्तीत कुस्ती. शिवाय किमान आठ जणांचे पैसे जायला हवेत आणि त्यातले तीन तरी जुने मेंबर हवेत, नाहीतर क्लब गुड स्टँडिंगमध्ये, म्हणजे नियमात बसणाऱ्या क्लबांत, राहत नाही. हे अर्ध्या ट्रेझररांना ३० सप्टेंबरच्या रात्री कळतं.

ट्रेनिंगमध्ये त्यांच्याकडून एवढंच करून घ्या. आजच्या रेटने रक्कम काढा, वर थोडी गोल करा, उरलेलं क्लबाच्या फंडात जाईल असं मीटिंगमध्ये आधीच जाहीर करायचं ठरवा, आणि ऑगस्टअखेर पहिला मेसेज जाईल असा फोनमध्ये रिमाइंडर तिथल्या तिथे लावा. पैसे मागायचा मेसेज कसा लिहायचा हे पण लिहून घ्या. आपल्या लोकांना मित्राकडे पैसे मागायची भयंकर लाज वाटते आणि मग 'पगार झाला की देतो' ऐकत मार्च उजाडतो.

शनिवारपेठी

अवांतर: टोस्टमास्टर्सवाल्या स्मेडली साहेबांनी १९२४ साली कॅलिफोर्नियात सांता अ‍ॅनाच्या वायएमसीएत क्लब काढला त्याचं केवढं कौतुक. आमच्या पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालू आहे म्हटलं, न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासून.

सिंहगडरोडची_ताई

@शनिवारपेठी वाटच बघत होते हे कोण लिहितंय याची 😂 व्याख्यानमालेत एक बोलतो आणि तीनशे ऐकतात, इथे वीस जणांपैकी प्रत्येकाला उभं करायचं असतं, आणि ते करणाऱ्यांना कसं तयार करायचं यावर धागा आहे. तुम्ही या एकदा गेस्ट म्हणून, टेबल टॉपिक्सला (आयत्या वेळच्या विषयावर बोलणं) दोन मिनिटं देऊ.

शनिवारपेठी

दोन मिनिटांत आमचं प्रास्ताविक पण होत नाही.

कोथरूडचा_बडबड्या

@ताई तो गेस्टवाला प्रयोग ढापतोय, आधीच सांगून ठेवतो. @ठाणे भेटी जुलैत सुरू करतो, बघू टपरीवर काय निघतं. @हिशोबी हे तर प्रिंट काढून वाटणार आहे. पण मराठी क्लबाचं राहिलंच की हो.

डोंबिवली_मराठी_क्लब

मी लिहितो, आमचं पण असंच झालं होतं. तुमचे अकरा आहेत ना, बारा किंवा कमी मेंबर असलेल्या क्लबाला बाहेरचा क्लब कोच (क्लब सावरायला मदत करणारा) मिळतो, दोन पण मिळतात. डिस्ट्रिक्टच्या क्लब ग्रोथ डायरेक्टरकडे मागा आणि मराठी नीट बोलणारा मागा. ज्यांना डीटीएम (डिस्टिंग्विश्ड टोस्टमास्टर, इथला सर्वोच्च किताब) करायचंय त्यांना क्लबाचा मेंटर किंवा कोच यापैकी एक काम करावंच लागतं त्यामुळे माणूस सापडतो. पण नुसता डीटीएमसाठी आलेला असेल तर लगेच कळतं, फोन उचलत नाही.

ट्रेनिंगच्या दिवशी काकांना इंग्रजी खोलीत पाठवूच नका. आम्ही मराठी क्लबांचे सगळे ऑफिसर एका टेबलाभोवती बसवले, स्लाइडबिइड काही नाही, लॅपटॉप काकांच्या समोर आणि माउस काकांच्याच हातात. इंग्रजी बटणं आहेत तशीच ठेवली, बोलणं सगळं मराठीत. स्वतः लॉगिन करून मेंबर यादी उघडून दाखवली तेव्हा कुठे ते म्हणाले, "अहो मग मागच्या खेपेला हे असं का नाही सांगितलंत?" त्यांनीच मग तिथल्या तिथे दोन चुकीचे ईमेल पत्ते पकडले, त्या दोघांना बरेच महिने कुठलाच मेल जात नव्हता आणि आम्ही समजत होतो त्यांना क्लबात इंटरेस्ट राहिला नाही.

एक प्रश्न तुम्हाला, त्या अकरांपैकी मीटिंगला प्रत्यक्ष किती येतात?

कोथरूडचा_बडबड्या

सहा-सात. पाऊस असला की चार.

डोंबिवली_मराठी_क्लब

मग जे येत नाहीत त्यांना ट्रेनिंगच्या आधी फोन करा, ऑफिसरांकडून नाही, तुम्ही स्वतः. एरिया डायरेक्टरचा फोन आला की लोक कारण खरं सांगतात. आमच्यात तिघांनी वेळ बदला म्हणून सांगितलं, रविवारी सकाळची मीटिंग शनिवारी संध्याकाळी गेली आणि दोघं परत आले. आणि कोचचा अर्ज लगेच टाका, ऑगस्टची वाट बघू नका.