शेव्हरॉन (बाणांच्या नक्षीच्या) फ्रेंडशिप बँडचे रंग लांबून मातकट दिसतात, कोणते घ्यावेत?

पंचगंगा_काठ: ऑगस्टच्या पहिल्या रविवारी फ्रेंडशिप डे. 15 बँड करायचेत, 8 पदरी शेव्हरॉन. महाद्वार रोडवरून अँकर कंपनीच्या भरतकामाच्या सुती दोऱ्याच्या लडी आणल्यात: लाल, हिरवा, गडद जांभळा, गडद निळा. जवळून छान दिसतं, पण हात लांब केला की सगळं मातकट, बाणच दिसत नाहीत. नक्षी बदलू की रंग? आणि लडी किती लागतील?

गाठीवाली: नक्षी राहू दे, रंग बदला. हे चारही रंग जवळपास सारखेच गडद आहेत. एक गाठ म्हणजे जेमतेम एक-दीड मिलिमीटरचा ठिपका. लाल-हिरवे ठिपके शेजारी आले की लांबून तपकिरीच दिसणार. लडींचा फोटो काढून मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट करा. ज्या दोन सारख्याच राखाडी दिसतील त्या शेजारी लावू नका.

जांभळा ठेवा, पुढे राणी, मग अबोली, मग मोतिया. क्रमही हाच. शेव्हरॉनमध्ये चौथ्यानंतर पुन्हा पहिला रंग येतो, म्हणजे मोतियाला थेट जांभळा भिडतो आणि दर चार ओळींनी एक ठसठशीत कड मिळते. बाण उठतो तो त्या कडेमुळे. पांढराशुभ्र घेऊ नका, मनगटावर लगेच मळतो.

160 सेंमीचा तुकडा मधोमध दुमडला की 80-80 चे दोन पदर आणि वर फास मिळतो. 8 मीटरच्या लडीत असे बरोबर 5 तुकडे बसतात. मोजताना हात सैल सुटला तर पाचवा तोकडा पडतो. चार रंगांच्या एकेक लडीत 5 बँड, म्हणजे 15 ला प्रत्येक रंगाच्या 3 लडी. शेड नंबर बघून एकदमच घ्या, आणि दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नको, रस्त्यावर उजेडात येऊन बघा. ट्यूबखाली गडद निळा आणि काळा एकच वाटतात.

दोरे_मणी_जर: ताईंचं बरोबर आहे. मोरपंखी-राणी घेणाऱ्यांसाठी भर घालतो: पैठणीत ही जोडी खुलते कारण मध्ये जर असते. बँडमध्ये त्या जागी हळदी पट्टा हवाच, नाहीतर दोन्ही रंग एकमेकांना मारतात. खरी जर घालू नका, गाठीत तिचे पदर सुटतात. स्वस्त रेशमी दोराही नको, गाठ निसटते.

लाल वापरणार असाल तर आधी लडी ओल्या पांढऱ्या सुती कापडावर घासा. डाग पडला तर गार पाण्यात भिजवा, पाणी नितळ होईपर्यंत बदला, सावलीत खडखडीत वाळवा. आपल्याकडच्या या पावसात दोन दिवस धरूनच चाला. तरीही रंग सुटत असेल तर तो मोतियाशेजारी लावायचाच नाही.

पंचगंगा_काठ: लै भारी! जांभळा-राणी-अबोली-मोतिया सुरू केलंय, बाण स्पष्ट दिसतोय. पण मोतियाच्या ओळीत मधेच जांभळे ठिपके येतायत. शेड चुकली का?

गाठीवाली: शेड बरोबर आहे. मोतियाने गाठ मारताना आतला जांभळा पदर ताठ धरलेला नाही, म्हणून तो डोकावतोय. प्रत्येक गाठीला दोन अर्ध्या गाठी असतात. दोन्ही वेळा आतला पदर ताठ हवा आणि ओढायचा तो मोतिया. ठिपके आलेली ओळ बोथट सुईने सोडवा, पुढच्या ओळी चढल्यावर ती सुटणार नाही.